उजेड कुणाच्या हातात

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, गाभाऱ्यातल्या बुद्धाला तीन चेहरे आहेत. मूर्ती एकच. वाटाड्या दिवा एका बाजूला धरतो तेव्हा बुद्ध गंभीर दिसतो, जवळजवळ खिन्न. दिवा दुसऱ्या बाजूला गेला की ओठांच्या कडेला हसू उमटतं. समोरून धरला की ना खेद, ना हसू. बुद्ध आपल्यातून उठून आत कुठेतरी निघून गेलेला असतो. बघणारे ‘वा’ म्हणतात. ते ‘वा’ पाथरवटाला असतं, बुद्धाला असतं की दिव्याला, याची चौकशी कुणी करत नाही.

*

दिवा धरणारा फोटोत येत नाही.

*

सौंदर्य वस्तूत असतं की पाहणाऱ्याच्या डोळ्यांत, हा वाद जुना आहे आणि थोडा आळशीही. त्यात दोनच पक्षकारांना बोलावणं गेलं आहे: पाहणारा आणि पाहिलेलं. तिसरा बाहेर ताटकळत उभा आहे. उजेड कुठून आला, कुणी आणला, कशावर पाडला आणि कशावर पाडायचा टाळला, हे विचारल्याशिवाय निकाल लागायचा नाही.

*

२८ एप्रिल १८१९. मद्रास फौजेतला जॉन स्मिथ वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या घळीत आला. कड्यातली कमान दिसली, तो दहाव्या लेण्यात शिरला, आणि तिथल्या खांबावरच्या रंगवलेल्या आकृतीवरच त्याने आपलं नाव आणि तारीख कोरली. लेणी सापडली, असं पुस्तकं म्हणतात. जवळच्या लेणापूरच्या लोकांची ती हरवलेली नव्हतीच.

ते नाव आज उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर आहे. स्मिथ उंच नव्हता. तो शतकानुशतकं साचलेल्या दगडमातीच्या ढिगावर उभा होता. ढीग उपसला गेला, नाव वर लटकत राहिलं. उंची पुष्कळदा अशीच असते. पायाखाली काय आहे ते दिसत नसतं, इतकंच.

मी त्याला हसत नाही. शेकडो वर्षं जुन्या चित्रासमोर माणसाला पहिल्यांदा सुचतं ते स्वतःचं नाव. आज तेच काम मोबाइलचा पुढचा कॅमेरा करतो. पाठ चित्राकडे, तोंड स्वतःकडे. एवढाच दिलासा की दगड ओरबाडला जात नाही.

*

ज्यांनी ही चित्रं काढली त्यांना अंधार होता आणि वेळ होता. पाहणाऱ्यांना आता उजेड आहे.

*

भिंतीवर आधी माती, तूस आणि झाडपाल्याचे तंतू मिसळून केलेला गिलावा. त्यावर पांढरा पातळ हात. मग गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. बहुतेक रंग पायाखालचे. निळा मात्र लाजवर्दाचा, आणि तो दगड यायचा बदख्शानहून, आजच्या अफगाणिस्तानातून. ज्यांनी भिक्षा मागून खायचं त्यांच्या निवासात इतक्या दुरून निळा रंग आला. साधेपणाला सौंदर्याचं वावडं असतं असं सांगणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करावा. अर्थात पैसे भिक्खूंचे नव्हते. वाकाटक राजा हरिषेणाचे मंत्री आणि मांडलिक दान देत होते. विरक्तीची भिंत रंगवायलाही कुणाचा तरी खजिना लागतो.

खोल गाभाऱ्याशी काम करताना चित्रकारांना दिसत कसं असेल? दाराशी पांढरं कापड ताणून किंवा पाण्याच्या थाळ्या मांडून सूर्याची तिरीप आत वळवत असावेत, असा एक तर्क केला जातो. नाहीतर तेलाचे दिवे. तेलाच्या दिव्याचा उजेड एका जागी राहत नाही. श्वासाने हलतो, माणूस बाजूने गेला तरी हलतो. त्या उजेडात पहिल्या लेण्यातल्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या गळ्यातले मोती कसे दिसत असतील, हे विजेच्या दिव्याखाली उभं राहून कळणार नाही. पाहायची सोय वाढली. जे पाहायचं होतं ते याच सोयीतून थोडं निसटलं.

*

बाहेरच्या उन्हातून लेण्यात शिरलेल्या डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. गर्दीच्या दिवशी त्याआधीच पुढच्या तुकडीसाठी जागा करावी लागते. म्हणजे कित्येक जण अजिंठा पाहून येतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांनी अजिंठ्यात अजून पाऊलही टाकलेलं नसतं.

*

अंधुक उजेडात लाल सर्वांत आधी काळवंडतो आणि निळा उठून येतो. पुर्किन्ये नावाच्या चेक शरीरशास्त्रज्ञाने हे नोंदवलं, स्मिथ वाघ शोधत होता त्याच सुमारास. यात चित्रकाराची चलाखी नाही आणि रसिकाची कल्पनाही नाही. डोळ्याच्या पडद्यावरच्या दोन प्रकारच्या पेशींची पाळी बदलते, एवढंच. तरी मला हे वाचल्यावर बरं वाटलं. आपल्याला भावलेल्या निळ्यात आपलं कर्तृत्व नव्हतं, हे कळलं की माणूस जरा सैल होतो.

*

प्रेमाने पाहणारा काय करतो? नक्कल करतो.

रॉबर्ट गिल नावाच्या फौजी अधिकाऱ्याला १८४४ साली कंपनी सरकारने अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला नेमलं. तो तिथलाच होऊन राहिला. वर्षामागून वर्षं भिंतीसमोर कॅनव्हास लावून तो मूळ आकाराच्या नकला करत होता. त्याची चित्रं लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली गेली, आणि १८६६ च्या आगीत जवळपास सगळी जळली. अजिंठा गावात गिलच्या प्रेयसीची, पारोची, कबर आहे, ना. धों. महानोरांनी त्या दोघांवर दीर्घकविता लिहिली, त्यावर पुढे सिनेमाही निघाला. आगीवर कुणी काही लिहिलं नाही. प्रेमकथेला मरण चालतं, विम्याचा दावा चालत नाही.

मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२ पासून १८८५ पर्यंत त्यांनी पुन्हा नकला केल्या. पेस्तनजी बोमनजींसारखे तरुण चित्रकार भिंतीवरचा हात उचलत आपला हात तयार करत होते. ते कॅनव्हासही लंडनला गेले. १८८५ मध्ये तिथेही आग लागली आणि त्यांतले पुष्कळ गेले.

मूळ चित्रं मात्र दमट लेण्यात, वटवाघळांच्या शिटेखाली, गोसाव्यांच्या धुराखाली टिकून होती. जपून ठेवलेलं जळलं. टाकून दिलेलं वाचलं.

*

नक्कल करताना रेषा स्पष्ट दिसावी म्हणून चित्रांवर व्हर्निश लावलं गेलं. ओला हात फिरला की जुना रंग क्षणात जागा होतो. ज्याने जुनं चित्र पुसलं आहे त्याला हा मोह माहीत आहे. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटू पाहणारा गिलावा भिंतीला पक्का बसवला, आणि चित्रांवर लाखेचा लेप दिला. काही वर्षांत लेप पिवळा पडला, मग तपकिरी. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ पुढची कित्येक दशकं तो थर काढत बसले.

आपण बरीच वर्षं अजिंठ्याचा ‘सोनेरी, उबदार’ रंग म्हणून ज्याचं कौतुक केलं त्यात लाखेचा वाटा किती, हा प्रश्न सहसा टाळला जातो. कौतुक मागे घेणं अवघड असतं. जुनं झालेलं व्हर्निश आणि जुनं झालेलं मत, दोन्ही खरडताना खालचा रंग निघून यायची भीती असते.

*

आता लेण्यांत एका वेळी मोजकेच लोक सोडतात. चित्रांना धोका पाहणाऱ्यांच्या श्वासाचाच आहे: त्यातली वाफ, अंगाची ऊब, सोबत आलेली धूळ. पाहिल्याने वस्तू झिजते, हे आपल्याकडच्या आयांना रसायनशास्त्राशिवाय ठाऊक होतं. गोजिरवाण्या पोराच्या गालावर काजळाची तीट लावायची, म्हणजे नजर तिथे अडेल. देखणेपणाला मुद्दाम एक डाग देऊन ते राखायचं. अजिंठ्याला अशी तीट लावता येत नाही, म्हणून तिकीट लावलं आहे.

*

तान्ह्या बाळाला वीतभर, दीड वीत अंतरावरचंच काय ते नीट दिसतं. अंगावर पिताना आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. त्या वयात जगात दुसरं काही सुंदर असायची सोयच नाही.

पुढे सोय होते आणि तिथून बिघडायला लागतं.

*

अजिंठ्याच्या भिंतींवर माणसांचे रंग किती आहेत ते मोजायला जावं आणि मोजणं सोडून द्यावं. काळी, सावळी, हिरवट झाक असलेली, तांबूस, गव्हाळ, गोरी. राण्या सावळ्या आहेत, अप्सरा सावळ्या आहेत, दासी गोऱ्या आहेत. कुठे याच्या उलटही आहे. पद्मपाणीच्या शेजारी दागिन्यांनी मढलेली काळीसावळी राजस्त्री उभी आहे. चित्रकाराला तिच्याबद्दल माफी मागावीशी वाटलेली नाही.

त्याच महाराष्ट्रात दीड हजार वर्षांनी वर्तमानपत्रांत छापून येऊ लागलं: गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष. जी गोरी नव्हती तिच्या स्थळाबद्दल मध्यस्थ काकू सांगायच्या, ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे हो.’

*

मुलगी पाहायचा कार्यक्रम म्हणजे दिवा धरण्याची कला. खिडकीशेजारची खुर्ची आधीच ठरलेली असते. पोह्यांची बशी घेऊन येताना तिने किती वर पाहायचं, तेही ठरलेलं. समोरचे सात जण तिला पाहतात. तिने पाहायचं ते बशीकडे. संध्याकाळी घरी गेल्यावर होकार-नकार कळवतात तो पाहणाऱ्यांचा. जिच्याकडे पाहिलं तिने या सात चेहऱ्यांत काय पाहिलं, याची नोंद कुठल्याच घरात ठेवलेली नाही. असती तर मराठी गद्याला एक वेगळंच दालन मिळालं असतं, आणि फार विनोदी मिळालं असतं.

*

१९७५ साली गोरं करणारं एक मलम बाजारात आलं, ‘फेअर अँड लव्हली’. २०२० साली त्याच्या नावातून ‘फेअर’ गेलं आणि ‘ग्लो’ आलं. त्याच वर्षी लग्नं जुळवणाऱ्या शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगाची चाळणी काढून टाकली. चाळणी पडद्यावरून गेली. दुकानात मलम मागणाऱ्या मुलीला नवं नाव पाठ करावं लागलं, बाकी कशाची गरज पडली नाही. आपल्याला काय हवं आहे, हे तिला घरच्यांनी आधीच शिकवून ठेवलं होतं.

*

पंढरपुरात मात्र उलटा कारभार. देव काळा, बुटका, कमरेवर हात ठेवून नुसता उभा. शिल्पशास्त्राच्या परीक्षेत त्याला किती गुण पडतील, सांगता येत नाही. तुकोबांनी त्याला सुंदर म्हटलं आणि महाराष्ट्राने निमूट मान्य केलं.

वारकरी तासन्‌तास रांगेत उभा राहतो. पुढ्यात पोचतो तेव्हा काही सेकंद मिळतात. त्या सेकंदांत तो काय करतो? डोकं पायांवर ठेवतो. म्हणजे ज्याला पाहायला इतकं चालत आला, त्याचा चेहरा नेमक्या त्याच क्षणी दिसत नाही. ज्यांना आत जाता येत नाही ते कळसाला हात जोडतात आणि परततात. देव पाहिला का, असं घरी विचारलं तर दोघांचं उत्तर ‘हो’ असतं. दोघंही खोटं बोलत नाहीत.

इथे दिवा कुणाच्याच हातात नाही, असं म्हणायचा मोह होतो. तेही खरं नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अभंगांनी त्या काळ्या दगडावर इतका उजेड पाडून ठेवला आहे की पाहायला जाणारा तो बरोबर घेऊनच निघतो. आणि चोखोबांना मात्र जातीमुळे त्या उंबऱ्याबाहेरच राहावं लागलं. सौंदर्य सर्वांसाठी होतं, दार नव्हतं.

*

लक्ष्मी म्हटलं की डोळ्यांपुढे येणारा चेहरा पुराणातून आलेला नाही, छापखान्यातून आलेला आहे. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. जर्मन यंत्रं, जर्मन कारागीर, आणि कमळावर उभी साडी नेसलेली गोरी देवी. यावर नाक मुरडणं सोपं आहे; कलासमीक्षकांनी ते मनसोक्त केलं. पण ज्यांना देवळाच्या पायरीवर उभं राहू देत नव्हते त्यांच्या भिंतीवरही ती देवी थोड्या पैशांत आली. छापखान्याला सोवळं नसतं.

एकाच उजेडाने दोन कामं केली. देव घरोघरी नेला, आणि त्याचा चेहरा एकच करून टाकला. शेंदूर फासलेल्या तांदळ्याला लोक देवी म्हणत होते, ते आता ‘फोटो नाही का?’ असं विचारू लागले.

*

आता हा छापखाना प्रत्येकाच्या खिशात आहे. कॅमेरा उघडला की फोन न विचारता त्वचा गुळगुळीत करतो, डोळे थोडे मोठे करतो. आपण स्वतःलाही नाकीडोळी नीटस करून पाहतो. काकूंची गरज उरली नाही.

*

मराठीत सौंदर्याचं शास्त्र करणाऱ्यांची वानवा नाही. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांवर सगळं उभं केलं. ‘सौंदर्य आणि साहित्य’ला १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. रा. भा. पाटणकरांनी १९७४ मध्ये ‘सौंदर्यमीमांसा’ लिहून ही सगळी मांडणी पुन्हा बारीक चाळणीतून काढली: कला जगण्यापासून वेगळी की जगण्याचाच भाग, ही दोन टोकं आहेत, आणि विचार त्या दोन्हींच्या ओढीत राहतो. दोन्ही पुस्तकं कपाटात असलेली घरं मला माहीत आहेत. वाचलेली घरं कमी.

मला मर्ढेकरांच्या शास्त्रापेक्षा त्यांची एक गोष्ट जास्त शिकवते. सौंदर्याचे नियम सांगणाऱ्या या माणसाची सर्वांत गाजलेली कविता पिंपात मेलेल्या उंदरांवर आहे. त्यांच्या कवितांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. शास्त्र लिहिलं तेव्हा कुणी कोर्टात खेचलं नाही. कविता लिहिल्या तेव्हा खेचलं.

*

१९७२ साली ‘गोलपिठा’ आला. नामदेव ढसाळांनी मुंबईतल्या कामाठीपुऱ्याकडची वस्ती तिच्याच बोलीत पानावर ठेवली. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकर काही सोवळे वाचक नव्हते; तरी कित्येक शब्द त्यांना ढसाळांकडून समजून घ्यावे लागले, ढसाळांबरोबर त्या वस्तीत रात्री फिरावं लागलं. मराठीतला एक मोठा लेखक मराठीतच वाटाड्या घेऊन गेला.

यात कमीपणा काही नाही. मला ती प्रस्तावना प्रामाणिक वाटते, कारण दिवा धरणारा इथे फोटोत आला आहे. ‘सदाशिवपेठी अभिरुची’ असं हिणवून मोकळं होणं सोपं असतं. पण अभिरुची ही पेठेत असो की वस्तीत, एका मर्यादित उजेडाचीच असते. कुणाचा दिवा बैठकीच्या खोलीत, कुणाचा खांबावरचा. फरक इतकाच की बैठकीच्या खोलीतल्याला आपला दिवा म्हणजे सूर्य वाटतो.

*

कुरूप काय, हे सांगायला फार कमी वेळ लागतो. म्हणून ते मत सहसा उसनं असतं.

*

सुंदर गोष्ट पाहून लगेच बोलणारा माणूस बहुधा तिच्याबद्दल आधीच ऐकून आलेला असतो.

*

ताजमहालासमोर लोक शोधतात तो ताजमहाल नसतो. कॅलेंडरवरचं चित्र कुठे उभं राहून काढलं असेल, ती जागा असते. ती सापडली की समाधान होतं. जुळलं, एवढंच ते समाधान. जे दिसतं ते आठवणीशी ताडून पाहायचं आणि टिकमार्क करून पुढे जायचं. हिशेबनिसाचा डोळा हा. पर्यटनाचा सगळा धंदा या डोळ्यावर चालतो, आणि आपल्यातल्या बहुतेकांना दुसरा डोळा आहे याचा पत्ता निवृत्तीनंतर लागतो. तेव्हा मोतीबिंदू झालेला असतो.

*

साताऱ्याजवळच्या कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात माणसं याच हिशेबनिसाच्या डोळ्याने जातात. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून गर्दीला मर्यादा घालावी लागते. लोकांना हवा असतो गालिचा. निळा-जांभळा, क्षितिजापर्यंत पसरलेला, फोटोत आधीच पाहिलेला. आठवडा चुकला तर गालिचा नसतो. मग माणसं गाडीत बसून म्हणतात, ‘काहीच नव्हतं.’

काहीच नव्हतं तिथे त्यांच्या बुटांपाशी दवबिंदू नावाची वनस्पती असते. नखाएवढी. पानांवरच्या लाल केसांच्या टोकांना चिकट थेंब असतो, त्यावर किडा बसला की अडकतो आणि पचवला जातो. सीतेची आसवं हे आणखी एक. नाव इतकं करुण, आणि जमिनीखाली त्याच्या सूक्ष्म पिशव्या ओल्या मातीतले जीव आत ओढून खात असतात.

ही झाडं किडे का खातात? कारण जमीन दरिद्री आहे. पठार जांभ्या दगडाचं. त्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर, कुठे तेवढाही नाही. पावसाळ्यात पाणी साचतं, उरलंसुरलं सत्त्व वाहून जातं. पावसाळा संपला की दगड तापतो. मोठ्या झाडाला मूळ धरायला जागा नाही, म्हणून सावली नाही. सावली नाही म्हणून बोटभर उंचीच्या फुलांना ऊन मिळतं. त्या ओल्या चार महिन्यांत फुलायचं, बी धरायचं आणि संपायचं. खत घातलेल्या काळ्या जमिनीत हा गालिचा एक वर्ष टिकणार नाही. गवत आणि झुडपं त्याला गिळतील. ज्याला आपण निसर्गाची उधळण म्हणतो ती टंचाईची काटकसर आहे. दुष्काळी तालुक्यातल्या बाईच्या ठिगळाठिगळांच्या गोधडीचं कौतुक करतानाही हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

*

फुलं आपल्यासाठी नाहीत, हे तर उघडच. कार्ल फॉन फ्रिश या प्राणिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगीत कागदांवर साखरपाणी ठेवून दाखवलं की मधमाश्यांना रंग कळतात. त्यांना लाल दिसत नाही. आपल्याला न दिसणारा अतिनील मात्र दिसतो. कित्येक फुलांवर या अतिनील उजेडातच उमटणाऱ्या खुणा असतात, मधाची वाट दाखवणाऱ्या. फुलाचं खरं नटणं ज्या उजेडात आहे तो आपल्या डोळ्याला मिळालेलाच नाही. आपण पाठमोरी नवरी पाहून लग्नाचं वर्णन करतो आहोत.

*

कासची फुलं वाचवायची म्हणून पठाराला कुंपण घातलं, आजूबाजूच्या गावांची गुरं तिथे चरायची ती थांबली. मग वेगळीच तक्रार सुरू झाली. गुरं नसल्याने गवत माजतं, उंच होतं, आणि बोटभर फुलांवर सावली धरतं, असं काही अभ्यासकांचं म्हणणं. गावकऱ्यांनी ते आधीच सांगितलं होतं. त्यांच्या म्हणण्याला अभ्यास म्हणत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या म्हशी त्या पठारावरून खाली मान घालून गेल्या, त्यांनी गवत पाहिलं आणि खाल्लं, आणि फुलांना ऊन मिळत राहिलं. चराई किती असावी, कधी असावी, यावर सूचना आल्या आणि मतं मागवली गेली. वनखात्याचं मत आहे, वनस्पतिशास्त्रज्ञांचं आहे, हॉटेलवाल्यांचं आहे, माझंही आता आहे. म्हशींचं घेतलेलं नाही.